प्लॉट पाडण्याआधी माळावरच्या जिवांचा सर्व्हे: कसा करायचा, कोणाकडून?

शिवारफेरी | 9 मे

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ, गिरणारे गावाच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित अकरा एकर जमीन आहे. खालच्या सात एकरांत आजोबांनी आधी टोमॅटो केला, मग वडिलांनी द्राक्षबाग उभी केली. दोन गारपिटींनंतर बाग काढून टाकली. उरलेली चार एकर म्हणजे वरचा माळ. मुरमाड जमीन, मधेमधे कातळ उघडा पडलेला, एक ओहळ तिरका उतरून खालच्या नाल्याला मिळतो. सातबाऱ्यावर माळ पोटखराब्यात, म्हणजे लागवडीस अयोग्य, दाखवलेला आहे.

आता चुलत भावंडं मिळून विकसन करार केलाय. एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचे. माझा विरोध नाही, सही मीही केली आहे. घरात मुलांची शिक्षणं आहेत, काकांचं आजारपण आहे, आणि शहर गंगापूर गावाच्या पुढे सरकलंय हे दिसतंच आहे. अडलंय ते एका गोष्टीवर. विकसकाचं म्हणणं, पावसाच्या आत जेसीबी लावून सगळा माळ एकसारखा करून घेऊ, म्हणजे दसऱ्याला बुकिंग सुरू करता येईल. भावांचं म्हणणं, तिथे कुसळांशिवाय आहे काय?

माझं लहानपण त्या माळावर गेलं. जून-जुलैत तिथे काय काय उगवतं ते पाहिलेलं आहे, पण नावं सांगता येत नाहीत. नावं नाहीत म्हणून बैठकीत माझं कोणी ऐकत नाही. म्हणून विचारतो: जमिनीवर काय जगतंय याची रीतसर पाहणी बांधकामाआधी करायची कायद्यात सक्ती आहे का? नसेल तर आपल्या खर्चाने करून घ्यायची झाली तर कोण करतं, किती काळ लागतो? आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात करून उपयोग आहे का?

रेषा_आणि_मोजमाप | 9 मे

आर्किटेक्ट आहे, नाशिकमध्येच काम करतो. कायद्याचं आधी सांगतो, कारण यात बऱ्याच जणांचा गैरसमज असतो.

पर्यावरण मंजुरीची अधिसूचना 14 सप्टेंबर 2006 ची. त्यात इमारत बांधकामासाठी उंबरठा 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्राचा. दीड लाख चौरस मीटरच्या पुढे किंवा 50 हेक्टरच्या पुढे गेलात की टाउनशिप आणि क्षेत्रविकास या वर्गात जाता. या दोन्ही वर्गांना जनसुनावणीतून सूट आहे. तुमची अकरा एकर म्हणजे साडेचार हेक्टरच्या आत. नुसते प्लॉट पाडून विकणार असाल तर बांधीव क्षेत्राचा प्रश्नच येत नाही आणि 50 हेक्टर फार लांब राहिले. म्हणजे राज्य पातळीवरच्या समितीपुढे तुमचा माळ कधी जाणारच नाही. नाशिकभोवतीची बहुतेक प्लॉटिंग याच वाटेने होतात.

उरतो झाडांचा कायदा, 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची अट आली. पण तो नागरी क्षेत्रापुरता आणि झाडापुरता. माळावर झाडं किती आहेत?

शिवारफेरी | 9 मे

बांधावर तीन बाभळी, एक हिवर, ओहळाच्या तोंडाशी उंबर. बोरीची झुडपं आहेत, ती कोणी झाडात धरणार नाही.

रेषा_आणि_मोजमाप | 9 मे

मग कागदावर तुमच्या चार एकर माळाची किंमत पाच झाडं.

गवतफुला | 10 मे

वरची ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त.

उंटवाडीच्या म्हसोबाचा वड उड्डाणपुलाच्या आड आला तेव्हा अख्खं शहर त्याच्यासाठी उभं राहिलं. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची नोटीस निघाली तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले. मीही गेले होते आणि पुन्हा जाईन. पण झाडाला बुंधा असतो, त्यावर नोटीस चिकटवता येते, त्याला मिठी मारता येते. माळाच्या गवताला यातलं काही करता येत नाही. एका सकाळी जेसीबी येतो आणि दुपारी तिथे काही होतं हे सांगायलाही कोणी उरत नाही.

शिवारफेरी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: मे महिन्यात केलेली वनस्पतींची पाहणी जवळजवळ निरुपयोगी. आपल्या माळावरच्या कितीतरी वनस्पती आत्ता जमिनीखाली आहेत. कंद, गाठी, बिया. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर भुईचक्र येतं, जमिनीलगत, बोटभर उंचीचं, जांभळट फुलाचं. फोडशी येते. पेठ, हरसूलकडच्या बाया नाशिकच्या बाजारात जिच्या जुड्या आणतात ती हीच. कातळावर पाणी झिरपत असेल तर ऑगस्टमध्ये सीतेची आसवं येतील, निळ्या-जांभळ्या फुलांचा थर. शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरात तुरे आल्यावरच नीट ओळखता येतात. त्या आधी तज्ज्ञही चुकतो.

अंजनेरी तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात सापडली, तिला नावच अंजनेरीवरून दिलं गेलं. पठारावरच्या गवतात वाढणारं एवढंसं ताठ रोप. पाऊस नसताना तिचा मागमूस नसतो, फक्त मातीतला कंद. तुमच्याकडे ती असेल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ती अंजनेरीवरसुद्धा दिसणार नाही.

माळटिटवी | 10 मे

गवतफुला ताईंना अनुमोदन. पण वनस्पतींसाठी मे बिनकामाचा असला तरी पक्ष्यांसाठी नाही. उलट हीच वेळ.

टिटवी मार्चपासून ऑगस्टपर्यंत अंडी घालते. घरटं म्हणजे मुरमात थोडासा खळगा, कडेने चार खडे. अंडी बहुधा चार, मातकट, त्यावर काळपट डाग, निमुळती टोकं आत वळवलेली. दोन फुटांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालतं, पण आईने इशारा दिला की जिथे असेल तिथे चपटं होऊन पडून राहतं. माणूस जवळ आला, कुत्रा आला तर हा बचाव चालतो. जेसीबीचं बकेट आलं तरी ते तसंच पडून राहतं. हे मी पाहिलेलं आहे, पाथर्डी फाट्याच्या पलीकडे एका प्लॉटवर, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

डोंबारी, चंडोल, धाविक, भट तितर, हे सगळे जमिनीवरच घरटं करणारे. झाडं मोजणाऱ्या कोणत्याही अहवालात ते येत नाहीत कारण ते झाडावर बसतच नाहीत.

शिवारफेरी, उद्या-परवा पहाटे उजाडताना माळावर जाऊन एका जागी शांत बसा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर समजा जवळ अंडी किंवा पिल्लं आहेत. लगेच मागे फिरा, शोधत बसू नका, ऊन चढल्यावर तर नाहीच. उघडी अंडी उन्हात पटकन तापतात. कुठल्या बाजूला ओरडली तेवढं नकाशावर टिपा.

गोदाकन्या | 11 मे

मूळची नाशिकरोडची, सध्या ब्रिस्टॉलमध्ये. बांधकामाआधीच्या जीवपाहणीचंच काम करते, म्हणून इंग्लंडमध्ये हे कसं चालतं ते थोडं सविस्तर लिहिते. जसंच्या तसं उचलावं असं नाही, पण दोन-तीन गोष्टी कामाच्या आहेत.

विकसकाने नियोजनाचा अर्ज करायच्या आधी पहिली चाचपणी होते. एक माणूस जागेवर फिरतो, गवत कुठे, डबकं कुठे, जुनी भिंत कुठे, पोकळ झाड कुठे याचा नकाशा करतो, जुन्या नोंदी काढतो, आणि कोणत्या जिवांसाठी पुढची पाहणी लागेल ते लिहितो. मग त्या त्या जिवाच्या हंगामात पाहणी. वटवाघळांसाठी मे ते सप्टेंबर. आम्ही संध्याकाळी इमारतीच्या चारी बाजूंना इन्फ्रारेड कॅमेरे लावून बसतो, कौलाखालून कोण बाहेर पडतं ते बघत. ग्रेट क्रेस्टेड न्यूट म्हणून पालीसारखा दिसणारा उभयचर आहे, त्याच्यासाठी तळ्यांची पाहणी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तळ्याच्या पाण्यातल्या डीएनएवरूनही तो आहे का कळतं, पण तो नमुना 15 एप्रिल ते 30 जून याच काळात घेतलेला चालतो. हंगाम चुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. विकसक चिडतात, आमच्या नावाने बोटं मोडतात, पण थांबतात. कारण पाहणीशिवाय परवानगी अडते हे त्यांना माहीत असतं. जमिनीचा व्यवहार करतानाच ते पाहणीचं वेळापत्रक धरून चालतात.

फेब्रुवारी 2024 पासून आणखी एक नियम लागू झाला. बांधकामानंतर जागेची जैवविविधता आधीपेक्षा किमान 10 टक्के जास्त झाली पाहिजे, आणि ती 30 वर्षं राखायची. घराची वाढवलेली खोली वगैरे छोट्या कामांना सूट आहे. मोजायची पद्धत बटबटीत आहे, तिच्यावर टीकाही होते. पण त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. 30 जानेवारी 2020 नंतर कोणी परवानगी न घेता जमीन साफ करून टाकली आणि मग म्हणाला की इथे काहीच नव्हतं, तर साफ करण्याच्या आधीची स्थिती हाच पाया धरतात. म्हणजे आधी जेसीबी फिरवून काही साधत नाही.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. पाहणीच्या आधी सपाटीकरण. मग पाहणी करणाऱ्याच्या हातात काय येणार? गाजरगवत.

पंचवटीकर | 11 मे

सगळं ठीक आहे, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी भाड्याच्या घरात राहतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडला फ्लॅट घेणं आमच्यासारख्याला शक्य नाही. असे बाहेरचे प्लॉटच परवडतात. प्रत्येक माळावर एक वर्ष पाहणी म्हटलं की तो खर्च, ते व्याज शेवटी प्लॉट घेणाऱ्याच्या डोक्यावर. इंग्लंडचं उदाहरण देताना तिथे घरं किती महाग आहेत तेही लिहा.

गोदाकन्या | 11 मे

तुमचा मुद्दा रास्त आहे. इथे घरं महाग आहेत आणि त्यावरून पाहण्यांवर टीका होतेच. म्हणून तर मी म्हटलं, जसंच्या तसं उचलू नका. पण पाहणी म्हणजे बांधकामाला नकार नव्हे. मी केलेल्या पाहण्यांपैकी बहुतेक ठिकाणी घरं झाली. रस्ता थोडा सरकला, तळ्याकाठची घरं पलीकडे गेली.

रेषा_आणि_मोजमाप | 12 मे

गोदाकन्यांच्या या शेवटच्या वाक्यावरून मला जे सांगायचं होतं ते आता नीट सांगता येईल.

आपल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा ठेवावीच लागते. तुमच्या अकरा एकरांत ती एक एकराहून जास्त होते. ही जागा तुम्हाला कायद्यानेच सोडायची आहे. त्यासाठी एक रुपया जास्त लागणार नाही, एकही प्लॉट कमी होणार नाही. प्रश्न फक्त ती कुठे सोडायची एवढाच आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मोजणीचा नकाशा माझ्या टेबलावर येतो. त्यावर हद्दी असतात, चढउतार दाखवणाऱ्या कंटूर रेषा असतात, विहीर, विजेचे खांब असतात. मी आधी रस्ते टाकतो, मग जास्तीत जास्त चौकोनी प्लॉट बसवतो, आणि जे वेडंवाकडं उरतं तिथे ओपन स्पेस. पुढे तिथे हिरवळ, कोनोकार्पसची शोभेची झाडं, दोन घसरगुंड्या. माझ्या टेबलावर कातळ कुठे आहे, पाणी कुठे झिरपतं, टिटवी कुठे बसते याचा नकाशा आजपर्यंत कोणी आणून ठेवलेला नाही. ठेवला असता तर दहापैकी सहा-सात लेआउटमध्ये मी मोकळी जागा तिथेच टाकली असती, कारण कातळावर पाया खोदायलाही ब्रेकर लावावा लागतो आणि ओहळाकाठचा प्लॉट तसाही शेवटी विकला जातो.

म्हणून माझं म्हणणं: पाहणी आधी, लेआउट नंतर. एकदा तात्पुरती मंजुरी मिळाली की रेषा हलवायला कोणी तयार होत नाही, मीसुद्धा नाही. पंचवटीकर, यात व्याज वाढायचं कारण नाही. एनएची कागदपत्रं, मोजणी, लेआउट यात पावसाळा जातोच. तेवढ्यात पाहणी होते. फक्त जेसीबी थांबला पाहिजे.

शिवारफेरी | 12 मे

रेषा सर, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी समजत होतो की माळ वाचवायचा म्हणजे भावांच्या वाट्यातून काढून घ्यायचा. रविवारी बैठक आहे. हे मांडतो.

ओहळ | 13 मे

पाण्याचंही बोला. जलसंधारणात काम करतो. जीवपाहणीत पाण्याची वाट पाहिली नाही तर ती अर्धीच. बैठकीत भावांना टिटवीपेक्षा हे लवकर पटेल.

माळाचा कातळ आणि मुरूम पावसाचं पाणी उतारावरून सावकाश खाली सोडतो. तिरका उतरणारा तो ओहळ बारमाही कोरडा दिसत असेल, पण ती त्याची वाट आहे. भराव टाकून वर प्लॉट पाडला तरी पाणी तिथूनच येणार. सराफ बाजारात काय होतं ते आपण दर मोठ्या पावसात पाहतो. खालून सरस्वती नाला जातो, वर बाजार. सप्टेंबर 2008 चा गोदावरीचा पूर तर विसरता येणार नाही. नदीला निळ्या आणि लाल पूररेषा आहेत, 25 वर्षांतून आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. अशा छोट्या ओहळांना कोणतीच रेषा नाही. त्यांची रेषा आपणच आखायची.

घरबसल्या करता येण्यासारखं एक काम: गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे सरकवून पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरची चित्रं मिळाली तर माळावर हिरवा पट्टा कुठे टिकून राहतो ते स्पष्ट दिसतं. तो तुमचा झिरप. गवतफुला ताईंची सीतेची आसवं बहुतेक तिथेच निघतील.

गवतफुला | 13 मे

अगदी बरोबर. आणि बेडूकही तिथेच. काही बेडूक आत्ता स्वतःला मातीत पुरून घेऊन पडलेले असतात. पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री बाहेर येतात आणि मिळेल त्या डबक्यात अंडी घालतात. त्या दोन-तीन रात्री चुकवू नका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केलेत तरी ओळखणारे लोक आहेत. मात्र गमबूट आणि चांगली बॅटरी घेतल्याशिवाय अंधारात जाऊ नका. मुरमाड माळावर फुरसं असू शकतं.

कोणाकडून करायची हे विचारलं होतंत. शहरातल्या केटीएचएम, आरवायके यांसारख्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र शिकवणारी माणसं आहेत, त्यांना क्षेत्रपाहणीसाठी जागा हव्याच असतात. अवघड नमुना असेल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यात आहे. ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, 2002 च्या जैवविविधता कायद्याने. बघायला मागा. काही ठिकाणी ती नुसती भरायची म्हणून भरलेली असते, काही ठिकाणी मनापासून केलेली. आणि सगळ्यात आधी, माळावर गुरं चारणाऱ्याला विचारा. कोणतं गवत कधी येतं, खोकडाचं बीळ कुठल्या बांधात आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

शिवारफेरी | 18 मे

बैठक झाली. विकसक आधी नाही म्हणाला. मग ओहळ दादांनी सुचवल्याप्रमाणे जुनी चित्रं मोबाइलवर दाखवली, हिरवा पट्टा कुठून कुठे जातो ते. त्या पट्ट्यावर त्याच्या कच्च्या नकाशात सहा प्लॉट होते. तिथे तो थांबला. ठरलं असं: खालच्या जुन्या बागेच्या सात एकरांत मोजणी, खुणा, रस्त्याचं काम सुरू करायचं. वरच्या माळाला दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. पाहणीचा खर्च माझ्या हिश्श्यातून. मंजूर केलं.

टिटवी पश्चिमेच्या बाजूला ओरडते. कातळाच्या वर. टिपलं आहे.

नवी_पाटी | 19 मे

वाचतेय. एक शंका. पाहणी करणाऱ्याचे पैसे विकसकच देणार असेल तर तो त्याला हवं तेच लिहून देईल ना?

गोदाकन्या | 19 मे

हा धोका सगळीकडे आहे, इथेही. आम्हाला व्यावसायिक संस्थेच्या आचारसंहितेने बांधलेलं असतं, तरी पैसे देणारा विकसकच. त्यावर उपाय म्हणून अहवाल वाचताना एक गोष्ट बघायची. पाहणीच्या तारखा, वेळ, हवामान आणि काय पाहता आलं नाही हे लिहिलंय का? ज्या अहवालात मर्यादांचा परिच्छेद नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. नुसती जातींची लांबलचक यादीही फसवी असते. दुसऱ्या जागेची यादी उचलून चिकटवलेली असू शकते. कोणती जात नेमकी कुठे दिसली हे नकाशावर दाखवायला सांगा, तिथे चोरी पकडली जाते.

शिवारफेरी | 27 ऑक्टोबर

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून धागा वर आणतोय.

पावसाळाभर पाहणी झाली. एका महाविद्यालयाच्या ताई आणि त्यांचे विद्यार्थी येत होते. पक्ष्यांसाठी माळटिटवी दादा स्वतः आले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. दुर्मिळातलं दुर्मिळ काही सापडलं का, तर नाही. कंदीलपुष्प नाही. पण जे आहे ते मी इथे लिहितो, कारण आता मला नावं माहीत झाली आहेत.

कातळाच्या खोलगट भागात जुलैत भुईचक्र आणि फोडशी. ओहळाच्या वरच्या अंगाला पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं, साधारण बॅडमिंटनच्या मैदानाएवढ्या जागेत, बाकी चार एकरांत कुठेच नाही. जमिनीवर येणाऱ्या हबे आमरीची (रानातलं ऑर्किड) थोडी झाडं उत्तरेच्या उतारावर. शेडा आणि मारवेल गवत पश्चिमेला दाट, पूर्वेला जिथे वाहनं फिरली तिथे नुसतं गाजरगवत आणि टणटणी. बाभळीवर सुगरणींची घरटी, ती मी लहानपणापासून बघतोय. डोंबारीची जोडी. खोकडाचं बीळ वापरातलं आहे, ताज्या विष्ठेवरून कळलं. घोरपड एकदा. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हे विकसकाला कळल्यावर त्याचा बोलण्याचा सूर बदलला.

एक गोष्ट मला जवळून पाहायला मिळाली ती सांगतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री विद्यार्थ्यांबरोबर गेलो होतो. गाडीच्या चाकाने पडलेल्या खड्ड्यात, वितभर पाण्यात, गोल गरगरीत बेडूक. एकाने बॅटरी धरली तर मागच्या पायांनी माती उकरत तो उलटा, मागच्या बाजूने जमिनीत गेला. डोळे शेवटपर्यंत वर. मग माती सारखी झाली, तिथे काही होतं असं सांगता येईना. त्या जागेवरून मी शेकडो वेळा चाललो असेन.

नकाशा रेषा सरांना पाठवला होता. त्यांनी विकसकाच्या आर्किटेक्टशी बोलून मोकळी जागा कोपऱ्यातून उचलून ओहळ, झिरप आणि पश्चिमेचा कातळ धरून लांबट पट्ट्यात टाकली. रस्त्याचं एक वळण बदललं. प्लॉटची संख्या तेवढीच. पूर्वेचा माळ आणि उत्तरेचा उतार मात्र जाणार, त्याला इलाज नाही. उतारावरची आमरी काढून दुसरीकडे लावून जगेल का, गवतफुला ताई?

गवतफुला | 27 ऑक्टोबर

भरवसा देणार नाही. जमिनीवरच्या आमरीचं मातीतल्या बुरशीशी नातं असतं, ती माती बदलली की बहुतेक वेळा एक-दोन हंगामांत झाड जातं. आत्ता पानं सुकत आली असतील, कंद विश्रांतीला जाताना भोवतालच्या मातीच्या ढेकळासकट उचला आणि तशाच उताराला, तशाच उन्हात ठेवा. काही जगतील. पण हे शेवटचं साधन आहे. उत्तरेच्या उतारावरचा एखादा प्लॉट पट्ट्याला जोडता येतोय का ते पुन्हा एकदा बघा.

संसारी | 28 ऑक्टोबर

मी अशाच एका प्लॉटिंगमध्ये राहते, आडगावच्या बाजूला. लिहिलेलं सगळं पटतं, पण गवत राखलेल्या पट्ट्याशेजारी लहान मुलं घेऊन राहणं वेगळं आहे. आमच्याकडे ओपन स्पेसमध्ये घोणस निघाली होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीने मशीन लावून सगळं कापून काढलं. मीही तेव्हा कापा म्हणणाऱ्यांत होते आणि आजही म्हणेन. तुमचा पट्टा कागदावर राहील, पाच वर्षांनी तिथे लॉन असेल.

माळटिटवी | 28 ऑक्टोबर

ताई, भीती खरी आहे, ती कमी लेखत नाही. घोणस उंदरांच्या मागे येते, आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्यावर, विटांच्या आणि लाकडाच्या ढिगांवर. गवत पूर्ण कापलेल्या सोसायट्यांतही साप निघतात, सर्पमित्रांना विचारून पाहा. करता येण्यासारखं: घरं आणि गवत यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची पट्टी कायम कापलेली ठेवायची, मधून एकच रुंद पायवाट, रात्री दिवा, मुलांची खेळायची जागा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. गवत वर्षातून एकदाच, बी पडून गेल्यावर, डिसेंबरात कापायचं. चारा म्हणून घेऊन जाणारे मिळतात.

रेषा_आणि_मोजमाप | 28 ऑक्टोबर

संसारी ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला हे पुरेसं नाही. सोसायटीकडे ताबा गेला की ठराव करून काहीही करता येतं. म्हणून शिवारफेरी, मोकळ्या जागेचा वापर, गवत कधी कापायचं, काय लावायचं नाही, ओहळात भराव नाही, हे सगळं विक्रीच्या करारात आणि सोसायटीच्या हस्तांतरणाच्या कागदात आत्ताच लिहून घ्या. पाहणीचा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडा. प्लॉट घेणाऱ्याला सही करताना माहीत असलं पाहिजे की तो पट्ट्याशेजारी राहायला येतोय. ज्याला नको तो दुसरा प्लॉट घेईल.

पंचवटीकर | 29 ऑक्टोबर

मे महिन्यात विरोधात लिहिलं होतं, म्हणून विचारतो. पट्ट्याशेजारचे प्लॉट किती चौरस वार आहेत, आणि ते बाकीच्यांपेक्षा महाग ठेवणार का?

शिवारफेरी | 29 ऑक्टोबर

दर सगळ्यांना एकच ठेवायचा असं मी मांडलंय, भावांचं अजून ठरायचं आहे. मोजमाप निरोपात पाठवतो. येत्या रविवारी सकाळी मी माळावरच आहे, पट्ट्याच्या हद्दीला दगड लावायचे आहेत. संसारी ताई, तुम्हालाही वेळ असेल तर या. कापलेली पट्टी कुठून कुठे हवी ते तुम्हीच उभं राहून सांगा, मुलांना घेऊन राहणाऱ्याच्या नजरेने कोणी पाहिलेलं नाही.

संसारी | 29 ऑक्टोबर

येते. लोकेशन पाठवा.